रोहूचे कल्ले आणि बाबांचा श्वास

माधव नगर, उज्जैन
९ फेब्रुवारी

चि. सौमित्र,

आशीर्वाद. ईराची तबियत बरी असेल. मी ठीक आहे. बाबांचं नाव निघालं की तू फोन ठेवतोस, म्हणून लिहिते आहे.

माझं कॉलेजातलं संशोधन संपत आलं. लहानपणी तू विचारायचास, मासे पाण्यात गुदमरतात का? गुदमरतात. पाण्यातला ऑक्सिजन घटला की कल्ल्यांमधल्या काही पेशींना ते आधी कळतं. त्या एक रसायन सोडतात, त्यानं नस जागी होते, मेंदूला खबर जाते आणि मासा भराभर कल्ले हलवू लागतो. मी रोहूंना औषध देऊन तो निरोप अडवला. ऑक्सिजन उतरत गेला, मासे शांतच. प्रयोगशाळेतल्या सुमनबाई म्हणाल्या, "मॅडम, ये तो बड़े आराम में हैं." मी लगेच हवेची नळी सुरू केली.

माणसाच्या मानेतही तसल्याच पेशींची बारीक गाठ असते. वय झालं की ती सुस्तावू शकते, मग ऑक्सिजन घटला तरी धाप लागत नाही. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

गेल्या महिन्यात बाबांना खोकला झाला. मग तीन दिवस ते गप्पच. हातात पेपर, समोर चहा गार. विचारलं तर, "काही नाही ग, थकलो जरा." धाप नाही, तक्रार नाही. आई गेल्यापासून ते दिवसभर माझ्यावर कुरकुरतात. खरं सांगते, मला ती शांतता बरी वाटली.

चौथ्या दिवशी ओठ निळसर दिसले. फ्रीगंजमधल्या डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावलं. ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर, हवा पंच्याण्णवच्या वर. "इतने दिन क्या देख रही थीं आप?" मी काय शिकवते, ते त्यांना सांगितलं नाही.

न्यूमोनिया होता. अकरा दिवस अस्पतालात काढले. तुला कळवलं नाही, कारण मग हे सगळं सांगावं लागलं असतं. आता घरी आहेत, ऑक्सिजनच्या मशीनवर. फुफ्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत.

काल त्यांनी विचारलं, "सौमित्र अजून रागावलाय का?"

मी म्हटलं, "लग्न केलं म्हणून तुम्हीच हाकललंत त्याला."

त्यांनी नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाले, "ईरालाही घेऊन ये म्हणावं."

तिकीट काढ. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगतात की निहारिकानं मला वाचवलं. मी मान हलवते. त्यांना खरं काय ते सांगायचं आहे, आणि ते मला एकटीनं सांगवत नाही.

दोघांची वाट बघते आहे.

तुझी ताई,
निहारिका