गॅलरीतले पाट

लालबाग,
२१ जानेवारी

प्रिय दादा,

लालबागहून वडाळ्याला पोस्टाने पत्र पाठवणारी सगळ्या मुंबईत मी एकटीच असेन. पण करू काय? फोन तू घेत नाहीस. वहिनीच्या फोनवर केला, तर ती तो तुझ्या कानाला लावते आणि तू ‘बरा आहे’ म्हणून परत देतोस. घरी आले तर आतल्या खोलीत जाऊन झोपेचं सोंग घेतोस. ते सोंग मला लगेच कळतं, कारण खऱ्या झोपेत तू घोरतोस. म्हणून हे पत्र. तीन पानं आहेत. पहिली दोन राधावहिनीला मोठ्याने वाचून दाखव, दोन वर्षांत तिला हसायला फारसं काही मिळालेलं नाही. तिसरं मात्र तुझ्यापुरतं आहे, ते एकट्याने वाच.

तर बातमी अशी, की मी समुद्रात गेले. विसर्जनाला आम्ही बायका पायरीवर उभं राहून पावलं भिजवतो तसं नव्हे. चांगली गळ्यापर्यंत गेले, दोनदा डोक्यावरून पाणी गेलं, नाकातोंडात गेलं, आणि बाहेर येऊन पुन्हा गेले. बावन्न वर्षांची बाई, अंगात लेकीचा, अपेक्षाचा, जुना टी-शर्ट आणि माझी सलवार. हे ऐकून आमच्या घरच्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, की कोणी ओळखीचं बघितलं का. मी म्हटलं, शंभर लोकांनी बघितलं, त्यातल्या निम्म्यांशी आता ओळख आहे.

सगळं अपेक्षामुळे झालं. तिच्या परळच्या ऑफिसात सम्यक म्हणून एक मुलगा होता, तो नोकरी सोडून गेल्या वर्षी मालवणच्या खाली एका गावात जाऊन राहिला. लाटेवर फळी टाकून उभं राहायचं असतं ना, ते शिकवतो. त्याचे आईवडील अजून त्याच्याशी धड बोलत नाहीत. अपेक्षा चार दिवसांसाठी निघाली होती, तिच्या मैत्रिणीचं ऐनवेळी रद्द झालं, आणि तिकीट फुकट जाऊ नये म्हणून मी गेले. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी अशाच कोणाचं तरी रद्द झाल्यामुळे झाल्या आहेत. गावाचं नाव इथे लिहीत नाही. पत्र भलत्याच्या हाती पडलं, तर येत्या मे महिन्यात तिथे हॉटेल उभं राहील.

दादा, तिथे काहीच नाही रे. डांबरी रस्ता एका वडापाशी संपतो. पुढे लाल माती, मग सुरूची झाडं, आणि झाडांतून बाहेर पडलं की एकदम समुद्र. पाटी नाही, कठडा नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. झावळ्यांची एक खोप आहे, तिथे सुभद्राबाई चहा आणि कांदाभजी करतात. माझे ओले कपडे बदलताना त्यांनी आणि त्यांच्या सुनेने लुगडं धरून आडोसा केला आणि समुद्राकडे तोंड करून गप्पा मारत राहिल्या. लाटा मात्र अशा, की आपल्या चौपाटीवर भरतीलाही दिसायच्या नाहीत. लांबून एक रेघ उठते, पुढे येता येता उंच होते आणि पांढरी होऊन फुटते, लगेच मागे दुसरी. पहिल्या दिवशी मी अर्धा तास नुसती बघत उभी होते.

आणि रविवार. रविवारी दुपारी तीननंतर आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं यायला लागली. टेम्पोतून, स्कूटरवर चौघंचौघं, काही चालत. टोपात भात, डब्यात तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं, एका आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. बाहेरचं कोणी नाही, सगळे तिथलेच. बायका साडीसकट पाण्यात. ओळीने हात धरायचे, लाट आली की सगळ्यांनी मिळून उडी मारायची, आणि एखादी पडली की बाकीच्यांनी हसायचं. मला न विचारताच दोघींनी मधे घेतलं. एकीने नाव विचारलं, दुसरीने गाव विचारलं, आणि आपल्या गावाचं नाव सांगितल्यावर तिसरीने तिकडे दिलेली चुलत नणंद काढली. तेवढ्यात लाट आली.

आता खरी गंमत ऐक. सम्यकने फळीवर घेण्याआधी मला वाळूत पालथं पाडलं. म्हणाला, मावशी, आधी कोरड्यावर. पोटावर पडायचं, हनुवटी वर, दोन्ही हातांनी वाळू मागे लोटायची. मी पडले, दोन हात मारले, आणि जे हसत सुटले ते थांबेचना. अपेक्षाला वाटलं आईला ऊन लागलं. तिला काय सांगू? मला चाळीची गॅलरी दिसत होती. तू सोळा वर्षांचा, मी आठची, आणि विसर्जनाच्या आधीच्या रविवारी मजल्यावरची सगळी पोरं घरोघरचे पाट घेऊन ओळीने पालथी पडलेली. पाण्याचा थेंब नाही आणि तू पोहायला शिकवतोयस. एकदा पाट कमी पडला म्हणून तू गणपतीचाच काढलास आणि आईने लाटणं घेऊन तुला दुसऱ्या मजल्यापर्यंत पळवलं. आणि तो तेराचा पाढा. पाण्याने ओढलं की घाबरायचं नाही, ओरडायचं नाही, उताणं पडून तेराचा पाढा म्हणायचा, असा तुझा कायदा. दोनाचा का नाही विचारलं, तर म्हणालास, दोनाचा म्हणताना माणूस घाबरू शकतो, तेराच्याला तेवढी सवड मिळत नाही. मी दरवेळी तेरा साते एक्क्याण्णवच्या पुढे अडायचे आणि तू मला पाटावरून उठू द्यायचा नाहीस. आईने मुलींना पाण्यात जाऊच दिलं नाही, म्हणून माझं सगळं पोहणं त्या गॅलरीतच राहिलं होतं.

सम्यकला मी हे सांगितलं. हेही सांगितलं, की तू सत्तावीस वर्षं चौपाटीवर विसर्जनाला छातीभर पाण्यात उभा राहिलास आणि किती जणांना ओढून बाहेर काढलंस ते तुलाही आठवत नसेल. तो म्हणाला, मला तुमच्या दादांना भेटायचंय. मग त्याने फळी पाण्यात घातली, मी पालथी पडले, मागून त्याने ढकललं, आणि दादा, लाटेने मला उचललं. आधी काहीच कळलं नाही. मग कळलं की मी हात मारत नाहीये तरी पुढे चालले आहे, पाण्याचा आवाज कानाच्या मागे राहिलाय आणि समोरची सगळी माणसं माझ्याकडे बघतायत. मी गुडघ्यांवर उठले. उभी नाही राहिले, खोटं कशाला सांगू, पण गुडघ्यांवर उठले आणि वाळू लागेपर्यंत तशीच आले. खुर्चीतल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मी अकरा लाटा घेतल्या, आणि अजून डोळे मिटले की पलंग हलतो.

इथे दुसरं पान संपतं. वहिनीला सांग, पुढे नुसता औषधपाण्याचा उपदेश आहे.

दादा, पुढचं मी अपेक्षाला सांगितलेलं नाही आणि घरीही नाही. सोमवारी सकाळी ती झोपली होती आणि मला दम धरवेना. एकटीच गेले. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडेही फुटत होत्या, आणि मधे एक पट्टा अगदी शांत होता. चौपाटीवर वाढलेली मी, मला वाटलं, बाईमाणसासाठी हीच जागा बरी. कमरेपर्यंत गेले असेन, तर पायाखालची वाळू गेली. पाणी मला बाहेर नेत होतं, आवाज न करता. मी किनाऱ्याकडे हात मारायला लागले. जितके मारले तितकी खोप लहान होत गेली. तोंडात पाणी गेलं, हाक मारली ती मलाच ऐकू आली नाही. अपेक्षाला कोण उठवेल, असं काहीतरी मनात आलं. आणि मग पाठीला गॅलरीची गार लादी लागली. खरंच लागली. तुझा आवाज आला, रुपे, भांडू नको त्याच्याशी, उताणी हो, नेतंय तिथे जा, सोडलं की आडवी जा. मी उताणी झाले. तेरा एके तेरा. आकाश होतं आणि पाढा होता. एक्क्याण्णवला अडले नाही, तेरा दाहे एकशे तीसपर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, आणि दुसऱ्यांदा तेरा चोक बावन्नला ओढ सुटली. मग किनाऱ्याला धरून आडवी गेले, जिथे लाटा फुटत होत्या तिथे, आणि त्यांनीच मला बाहेर टाकलं. सुभद्राबाई धावत आल्या तेव्हा मी वाळूत पडून पाढाच म्हणत होते. त्यांनी मला पदराने पुसलं आणि म्हणाल्या, “थंय पाणी गप दिसता ना गो बाय, थंयच ता ओढता. दर आयतवारी पोरां पाण्यात जातत. ह्या पोरांका सांगतलो कोण?” सम्यक फळी शिकवतो, पण माणसाला ओढून कसं आणायचं, हे त्याला येत नाही, तो स्वतःच कबूल करतो. दर रविवारी त्या बाई एक डोळा कढईवर आणि एक पाण्यावर ठेवून भजी तळतात.

दोन वर्षांपूर्वी गौरीविसर्जनाला तू ज्या माणसाला धरलं होतंस, त्याच्याबद्दल तू एकच वाक्य बोललास, माझा हात सुटला. त्यानंतर तू समुद्राचं तोंड पाहिलं नाहीस आणि आम्हालाही तुझं धड पाहू दिलं नाहीस. तो माणूस परत आला नाही, ते मी कशाने पुसू? पण सोमवारी त्या पाण्यात तुझा हात नव्हताच, दादा, आणि तरी तूच मला बाहेर काढलंस. हे तुला कळावं म्हणून हे पत्र लिहिलं, फोनवर मला ते रडल्याशिवाय सांगता आलं नसतं. आणि आता मी तुला न विचारता जे केलंय तेही ऐक. पुढच्या शुक्रवारची परळहून तीन तिकिटं काढली आहेत, तुझं, वहिनीचं आणि माझं. तुला पाण्यात पाऊल टाकायला कोणी सांगणार नाही, वाळूत खुर्ची टाकून बस. निघताना मी सुभद्राबाईंना तुझं आणि गॅलरीतल्या पाटांचं सगळं सांगितलं होतं, काल त्यांचा फोन आला होता. “तुमचे दादा कधी येतत?” म्हणून विचारत होत्या. वाड्यावाड्यांतून तेवीस पाट गोळा करून त्यांनी खोपीत रचून ठेवले आहेत. पोरं रविवारी येतील. पण मी त्यांना विचारलं, त्यांच्यातल्या एकालाही तेराचा पाढा येत नाही.

गॅलरीतून परत आलेली,
तुझीच,
रुपी