भट्टीमागची गल्ली

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या गुंड्याचा अहवाल आमच्या गल्लीत पोहोचला. भट्टीमागच्या वस्तीत फुप्फुसांचे आजार शहराच्या सरासरीहूनही कमी, असं त्यात म्हटलंय. साताच्या पाढ्यावर अडणारा तुझा लेक आता शहरभरची आजारी माणसं मोजतो, याचं कौतुक वाटलं. माझी लेक तर म्हणते, हवा चांगली आहे तर छकुलीला घेऊन इथेच राहते, बाबा गेल्यापासून तू एकटी पडलीस. मन सुखावलं गं. पण त्याला एक विचारशील? हे फुप्फुसांच्या आजारानेच गेले, मग मोजणीत यांना त्याने कुठे धरलं?

माया आहे तशीच राहू दे.

तुझी धाकटी

११ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

जेवताना विचारलं. घास हातातच राहिला त्याचा. मोजणी म्हणे इस्पितळात लिहिलेल्या पत्त्यावरून झाली. मेव्हण्यांना उपचारांसाठी आणलं, तेव्हा इस्पितळात आमच्या भागातल्या माणसांना आधी घेतात म्हणून आपण आमचाच पत्ता दिला होता. ते आमच्या बागेसमोरच्या गल्लीत मोजले गेले. मी म्हटलं, उभा जन्म धूर गिळला तो भट्टीचा, आणि आजार आमच्या बागेचा होय रे? तो म्हणाला, एका माणसाने सरासरी हलत नाही. तरी साहेबांकडे गेला. ते म्हणाले, पत्त्याचा नियम आधीच ठरलेला, अहवाल छापूनही झाला. तेव्हापासून धड जेवत नाही. तुमच्याकडून असे आणखी कोणी गेले का, ते कळव.

जिवाला जप.

तुझी ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकच कुठला? मास्तर खोकायला लागले तेव्हा मुलाकडे गेले, शिंपीणबाईंचा नवरा भावाकडे, कोपऱ्यावरची आजी लेकीकडे. कोणीच परत आलं नाही. आजारी माणूस इथे राहतोच कशाला? उरलो ते आम्ही धडधाकट, आणि या गल्लीचे म्हणून मोजले गेलो ते आम्हीच. शिंपीणबाईंना समजावून सांगितलं. त्या बराच वेळ सुईत दोरा ओवत बसल्या.

छकुलीला खोकला लागलाय. लेकीला मी जा म्हटलं. ती रागावली, बाबांच्या घरातून हाकलतेस म्हणाली. मग रडत बॅग भरली. रविवारी दोघी तुझ्याकडे येतील. गुंड्यावर रागावू नकोस, पोर गुणाचं आहे.

आणि ताई, छकुलीला दाखवायला नेशील तेव्हा पत्ता माझाच लिही. नंबर उशिरा लागला तर लागू दे.

दोघींना पोटाशी धर.

तुझी धाकटी