आधी काय पाहायचं

३ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामीला दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात अजून हलत नाही. जीभ जड आहे, पण मला बोल लावण्यापुरती चालते, म्हणजे अर्धी बरी झाली असं समज. दुकान दुपारपर्यंतच उघडतो. दुरुस्तीला आलेली शिलाई मशिनं वाट पाहतात, गिऱ्हाइकं पाहत नाहीत, चालायचंच.

भरवतो मीच. ती म्हणते, तुम्ही मशीनला तेल घालता तसं मला पाणी पाजता. तिचं खोटं नाही. घोट घेतला की जरा ठसकते आणि मग आवाज ओला येतो, अगदी तेल जास्त झालेल्या मशीनसारखा. संध्याकाळी अंग कोमट लागतं. तापावर काय द्यावं ते पुस्तकात पाहून कळव. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला पोचलीस, मामाचं एवढं काम तरी कर.

मामीचा जीव तुझ्यात आणि माझा तुम्हा दोघींत, हे ध्यानात असू दे.

तुझा मामा


८ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच पुन्हा वाचलं. तापाचं नंतर बघू. तुम्ही चेष्टेत लिहून गेलात तेच आधी पाहायला हवं. पाण्यानंतर ठसका आणि मग ओला आवाज, म्हणजे पाणी पोटात न जाता श्वासाच्या वाटेला लागतंय. अर्धांगाच्या झटक्यानंतर गिळणं असं बिघडतं. ताप बहुधा त्याचाच.

आमच्या बाई शिकवतात, पेशंटच्या तक्रारी कितीही असोत, त्यातली कोणती आज माणूस घेऊन जाईल ते आधी शोधायचं. मामीच्या हाताला वेळ आहे, छातीला नाही. पत्र मिळताच डॉक्टरांना दाखवा. तोवर पातळ काही देऊ नका, आडवं ठेवून भरवू नका. टपालानं उपचार सांगायचा मला हक्क नाही असं बाईंनी बजावलंय, म्हणून डॉक्टर म्हणतील तेच करा.

रागावलात तरी चालेल, पण उशीर करू नका.

तुमची ठकी


१६ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझं बरोबर निघालं. डॉक्टरांनी विचारलं, हे कोणी ओळखलं? भाची म्हणून सांगितलं तेव्हा माझी छाती फुगली होती. पुढचं ऐकून बसली. मामीच्या फुप्फुसात बिघाड झालाय आणि मधे आणखी एक बारीक झटका येऊन गेलाय. यातून ती उठेल असं डॉक्टरांना वाटत नाही. नाकातून पोटात नळी घातली, ती तिनं डाव्या हातानं उपटली. पुन्हा घातली, पुन्हा उपटली. म्हणाली, मी काय पिंप आहे, नळीनं भरायला?

आता चमच्यानं घट्ट काहीतरी देतो, तेही नको म्हणते. एकच मागते. चहा, तोही पातळ, कपातून. डॉक्टर म्हणाले, धोका आहे, पण ती शुद्धीत आहे, तुम्ही घरचे ठरवा. घरचे म्हणजे मी, आणि मला काही ठरवता येत नाही. ती कपाकडे बघते, मी खिडकीकडे बघतो.

पुस्तक एक म्हणतं आणि पेशंट दुसरंच मागतो, तेव्हा तुमच्यात आधी काय धरतात? तेवढं लिही.

वाट पाहणारा,
मामा


२१ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न.

परीक्षेत हा प्रश्न आला असता तर डोळे मिटून लिहिलं असतं, आधी श्वास. तसंच लिहून आजवर मार्क मिळवले. काल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, भीती कोणाची आहे ते आधी बघ, पेशंटची की आपली?

मी रात्रभर माझीच भीती बघत बसले. आईच्या मागं मला मामीनं वाढवलं. ती आणखी थोडी राहावी, नळी लावून का होईना, असं मलाच वाटतं. तिला तसं वाटत नाही, आणि ती पुरती भानावर आहे.

तिच्याशी आडून बोलू नका. माझं नाव घेऊन सरळ सांगा, की चहा छातीत जाईल, त्यानं ती जाऊही शकते. हे कळूनही तिनं मागितला तर द्या. ताठ बसवून, अगदी थोडा थोडा, तुम्ही जवळ बसून.

परीक्षा संपेपर्यंत रजा मिळत नाही. हे पत्र पेटीत टाकताना हात मागे येतोय, तरी टाकते.

तुमची आणि तिची,
ठकी


२६ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामीला वाचून दाखवलं. जाऊही शकते, त्या ओळीपाशी मी अडखळलो, तर तिनं ती पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, पोर शहाणी झाली, आता तुम्हीही व्हा आणि आधण ठेवा.

चहा दिला. ठसकली खूप. थांबल्यावर म्हणाली, साखर कमी आहे. लग्नानंतर मी पहिल्यांदा केलेल्या चहालाही हेच म्हणाली होती. आता रोज देतो.

तुझी परीक्षा नीट दे. इथे सगळं तिच्या मनासारखं चाललंय.

मामा


९ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

मामी गेली तेव्हा तू आलीस, तिला पोचवून लगेच परतलीस. आता तुमच्या होस्टेलच्या बाईंचं पत्र आलंय. तू वॉर्डात जात नाहीस, खोलीत बसून असतेस आणि नर्सिंग सोडते म्हणतेस.

वेडे, एक सांगायचं राहिलं. तुझं ते पत्र यायच्या आधीपासूनच मी तिला चोरून चहा देत होतो. तुझ्या पत्रानं काही झालं नाही. केलं ते मी केलं. तेव्हा मनातलं काढून टाक आणि कामाला लाग.

माझं बरं आहे. दुकान तेवढं उघडलं नाही. परवा एक मशीन फिरवून बघितलं, पण कशात बिघाड आहे ते काही ऐकू येईना. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं, वय झालं की माणूस सडपातळ होतो म्हणे.

तुझ्याशिवाय आता रागवायला कोणी नाही, म्हणून रागावतो.

मामा


१४ मार्च

ती. मामांना सा. न. वि. वि.

तुमचं सव्वीस तारखेचं पत्र माझ्या उशाशी आहे. तुम्ही माझं पत्र मामीला वाचून दाखवलंत आणि मगच आधण ठेवलंत. जन्मभर गिऱ्हाइकांना गुंडाळलंत, पण मला थाप मारताना तारखा बघायच्या राहिल्या. मामा, माझं पत्र माझ्या नावावरच असू द्या. ते मी लिहिलं, तिनं ऐकलं आणि ठरवलं तिनं. ते तुमच्या अंगावर टाकून मला वॉर्डात उभं राहता येणार नाही.

आज सकाळी गेले. पहिल्याच पेशंटला ताठ बसवून पाणी पाजलं.

आल्यावर तुमचं पत्र पेशंटसारखं वाचलं. दुकान बंद, मशीनचा बिघाड ऐकू येत नाही, पट्ट्याला नवीन भोक. पत्रात होस्टेलच्या बाई आहेत, मी आहे, मामी आहे, पण तुम्ही जेवलात असं कुठेही नाही. आमच्या शिकवणाऱ्या बाईंना दाखवलं. त्यांनी न विचारता रजेच्या अर्जावर सही केली.

माझी रडारड नंतर. शनिवारी येते. आता आधी तुम्ही.

ठकी