कुंकू लागलेली फेडोरा

४ नोव्हेंबर, मंगळवार

आल्या! तिन्ही आल्या! पार्सल फोडताना कात्री बोटाला लागली ते कळलंसुद्धा नाही. फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तीन कच्च्या टोप्या — काळी, तपकिरी, राखाडी. कच्च्या म्हणजे नुसत्या लोंबत्या, ना खाच ना आकार. आईने एक उलटीसुलटी करून पाहिली. "ह्यात चक्का टांगायचा काय गं?"

हसू दे. ह्यातूनच फेडोरा होणार, माथ्याला खाच आणि भोवती कड असलेली, वाफेवर, आमच्याच ओट्यावर! क्रांतीताई बसवतायत त्या नाटकात सम्राट गुप्तहेराचं काम करतोय, त्याला तशी टोपी हवीय. भाड्याची आणली होती, ती त्याच्या डोक्यावर उपडी वाटी ठेवल्यासारखी दिसते. ताई म्हणाल्या, "तू कर. जमली तर पुढच्या सगळ्या नाटकांचं तुझ्याकडं."

दादांना राग आला. बाप म्हणून नाही, फेटेवाला म्हणून. आजोबांपासून आमच्याकडे लग्नाचे फेटे, आणि एकुलती लेक टोप्या करणार! "लगीनसराई तोंडावर आलीया. आख्खी वरात बांधायची हाय आन् तुझं हे काय?"

मीही त्यांचीच लेक. भांडले. शेवटी हातावर हात मारून ठरलं — टोपी स्टेजवर चढली तर दादा पुन्हा बोलणार नाहीत. नाही चढली तर मी गुमान त्यांच्याबरोबर फेटे बांधायला जायचं, आणि टोपीचं नाव काढायचं नाही.

चढणारच!

६ नोव्हेंबर

राखाडी गेली. माझ्याच अकलेने.

व्हिडिओत बाई म्हणाली, फेल्ट कडक करून घ्या. फेटेवाल्याच्या घरात कडक म्हणजे खळ! दादांच्या हिशेबाने साबुदाण्याची दाट खळ केली आणि टोपी बुडवली की मी. वाळल्यावर पापड. वर पांढरे पोपडे. खाच पाडायला दाबली तर कडकन मोडली.

दादांनी तुकडा उचलून पाहिला. "खळ झकास झालीया. टोपीच खोटी."

इतका राग आला!! मग हसूही आलं, पण ते त्यांना दाखवलं नाही.

७ नोव्हेंबर

उमरभाईंच्या पॉलिशच्या दुकानातून लाखदाणा आणला. स्पिरिटमध्ये विरघळवून टोपीला आतून हलका हात द्यायचा, म्हणजे ती न मोडता कडक होते. ते विचारत होते, "कंचं कपाट काढलंय?" म्हटलं, कपाट नाही, सम्राटचं डोकं. त्यांनी पुडीला आणखी एक गाठ मारून दिली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जमली! जमली! जमली!

दादा इचलकरंजीला कापड आणायला गेले तशी मी त्यांचं लाकडी डोकं पळवलं. तयार फेटे ते त्याच्यावर बांधतात. सम्राटचं डोकं त्याहून मोठं, म्हणून एक जुना फेटा गुंडाळून माप भरलं. कुकरची शिट्टी काढली आणि वाफेवर तपकिरी टोपी धरली. हात भाजतो, पण काय सांगू — ते फेल्ट भिजवलेल्या कणकेसारखं मऊ होतं! लाकडावर ओढून बसवलं, बुडाशी दोरी आवळली. दुपारपर्यंत पंख्याखाली.

मग पुन्हा वाफ. तळहाताची कड माथ्यावर मधोमध दाबली — खाच! पुढून दोन बोटांनी चिमटा घेतला. सोडला. पुन्हा घेतला. आणि बोटं काढली तरी चिमटा तिथंच! मी ओरडले. ओलं फडकं घालून कड इस्त्रीने वळवली, मागून जरा वर, पुढून खाली. आरशात स्वतःच्या डोक्यावर ठेवून पाहिली. कानांपर्यंत आली, पण काय दिसत होते मी! कुणाचीही चोरी पकडली असती.

अजून ओलसर आहे. खिडकीत ठेवलीय. झोप कसली येतेय!

१२ नोव्हेंबर

आईने तिला कुंकू लावलं.

नवीन वस्तू घरात आली की आई हळदकुंकू लावते. फ्रीजला लावलं, दादांच्या गाडीला लावलं, माझ्या लॅपटॉपलाही लावलं. आज सकाळी देवपूजा झाल्यावर टोपीला. बरोबर पुढच्या चिमट्यावर, ठसठशीत बोट! ओल्या फेल्टने ते पिऊन टाकलं. ब्रश झाला, लिंबू झालं, शाम्पू झाला. डाग फक्त पसरला.

"चांगलंच केलं की मी," म्हणते. "तुझं काम जमावं म्हणून."

रडले आणि टोपी कपाटावर फेकली. काळी तेवढी राहिली. एकच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काळी तपकिरीपेक्षाही सरस!! (आई दिवसभर तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही, अशी शपथ घातली होती.)

तालमीला नेली. सम्राटने घातली आणि त्याची चालच बदलली. एका बोटाने कड वर करून त्याने दिव्याकडे पाहिलं तेव्हा सगळी तालीम थांबली. क्रांतीताई नुसत्या "अगं पूर्णिमा!" म्हणाल्या. परत येताना रंकाळ्यावर मी एकटीने भेळ खाल्ली आणि एकटीच हसत होते. लोकांना वाटलं असेल डोकं फिरलंय.

दादांना फक्त एवढंच म्हटलं, "जवळजवळ चढली." ते म्हणाले, "जवळजवळ नवरदेव बोहल्यावर चढत न्हाय."

१९ नोव्हेंबर

नाटक बंद. सम्राटला मालिका मिळाली, तो मुंबईला गेला. एवढ्यात दुसरा कोण उभा राहणार? क्रांतीताई फोनवर रडत होत्या, मग मी कशी रडू?

टोपी उत्तम आहे. डोकंच नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दादा काही टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. जेवताना म्हणाले, "उद्या कागलचं लगीन. सहाला निघायचं." मी हो म्हटलं. शब्द दिलाय. लाकडी डोकं पुसून त्यांच्या पिशवीपाशी ठेवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

उठले तर दादा गेलेले. मला न उठवता! लाकडी डोकं माझ्या टेबलावर. दादांचा फेटा खुंटीवर तसाच.

"मग डोक्यावर काय घालून गेले?"

"ती तपकिरी," आई म्हणाली. "पूजलेली हाय, चालतीया म्हणालं."

संध्याकाळी आले. सम्राटच्या मापाची टोपी त्यांच्या कानांवर टेकलेली, पुढच्या चिमट्यावर कुंकवाचा डाग. ती न काढताच त्यांनी माझ्यासमोर पंजा ताणून धरला.

"नवरदेवाच्या मामाला अशीच पायजे. डोकं पावणेतीन विती. लिहून घे, इसरंन मी."