सरसाचा वास

मंगळवार, १२ जानेवारी १९६०. सेक्टर २, प्लांटची वसाहत.

आज मी मोठ्या सिस्टरचा हात धरला. धरला तर धरला!

पोलाद प्लांटवरच्या एका खलाशी मजुराची मांडी पत्र्याने खोल फाटली होती. आतले टाके मेंढीच्या आतड्याच्या दोऱ्याने घालतात, तो अंगातच विरघळतो. दोऱ्याची बंद काचेची नळी फुटून दोरा फरशीवर पडला. सिस्टर तोच उचलून उकळत्या पाण्यात टाकायला निघाल्या. म्हणे, उकळलं की सगळं शुद्ध.

मी म्हटलं, "नाही. त्याचा सरस होईल. दुसरी नळी मागवा."

नळी येईपर्यंत जखम मीच दाबून धरली. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हें कैसे मालूम?"

नर्सिंगच्या पुस्तकात वाचलं, असं सांगता आलं असतं. पण सरसाचा तो जुना वास नाकात आला. मी सरळ सांगितलं, "हमारे घर में चमड़ा उबालकर सरस बनाते थे, साहब."

सिस्टरने माझ्या हातांकडे पाहिलं. बघा म्हटलं!

धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी बाबांनी ते काम सोडलं. परक्यांपुढे त्याचं नाव काढायचं नाही, ही त्यांचीच ताकीद. पण आज लपवावं कावून? घरी आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. बाबा आपले तळहात पाहत राहिले. तो वास त्यांनाही आला असेल का?

मग म्हणाले, "टाके धरले?"

"धरले."

"तो दोरा कोमट पाण्यातई जास्त भिजू देऊ नोका म्हणावं. सांगतलं का त्याइले?"