पायऱ्यांचा हिरा आणि ह्यांची अंगठी

४ नोव्हेंबर
मयूचा फोन. तिचा साखरपुडा धान निघाल्यावर, डिसेंबरात कधीतरी. मुलाकडच्यांना घाई नाही. अंगठीचं मात्र तिने स्वतःच ठरवून टाकलं. बाबांची अंगठी वितळवून तिच्या मापाची करायची, वर हिरा बसवायचा. हिरा तिच्या पगारातून. नागपूरला दवाखान्यात दिवसभर ड्युटी असते, म्हणून खडा मी शोधायचा, मोबाईलवर. "तू सगळं वाचतेस ना आई, हेही वाच." हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं कशाला हो म्हटलं ते.
अंगठी कपाटात आहे, ह्यांच्या चष्म्याच्या डबीत. काढून पाहिली नाही.

६ नोव्हेंबर
मयूने लिंका पाठवल्या. गोल नको, गोल सगळ्या नर्सांकडे आहेत म्हणते. तिला लांबट चौकोनी हवा, कोपरे छाटलेला. आत पाहिलं तर विहिरीत उतरायच्या पायऱ्या असतात तसे पैलू. स्टेप कट.
दुपारभर वाचत बसले. माझी शाळा सातवीपर्यंत, बाकीचं पुड्यांच्या कागदांवर आणि वाचनालयात. इंग्रजी अडलं की मोबाईल मराठी करून देतो, अर्धं चुकीचं. "हिऱ्याचे मेज फार मोठे नसावे" म्हणाला. मेज म्हणजे वरची सपाट जागा, हे चित्र पाहून कळलं.
एक गोष्ट नीट समजली. गोल हिऱ्याच्या प्रमाणपत्राच्या कागदावर कट कसा आहे त्याची श्रेणी लिहिलेली असते. ह्या पायऱ्यांच्या हिऱ्याला बहुतेक ती नसते. रंग लिहितात, डाग लिहितात, कट आपल्या डोळ्यांनी जोखायचा. तोही फोनच्या काचेतून.

९ नोव्हेंबर
मोठी जाऊ धान कापून आली. पाय धुवायच्या आधी माझ्या मोबाईलमध्ये डोकावली.
"काय पाहून राह्यली वो एवढं?"
"हिरा. मयूले."
"बाई बाई! वैरागड इथी बाजूले अन् हिरा सुरतेहून! तिथली हिऱ्याची खाण का मामंजीनं बुजवली?"
मग हळूच, "लॅबमधला म्हणते मयू. म्हंजे खोटा काय?"
"खरा हाये. जमिनीतला नाई, एवढंच."
"म्हंजे ब्रॉयलर. गावरान नाई."
बऱ्याच दिवसांनी हसले. ती असताना घर बरं वाटतं.

११ नोव्हेंबर
एक सापडला. इतका निर्मळ की आरपार दिसतं. सकाळी बोडीचं, आमच्या छोट्या तळ्याचं, पाणी थांबलेलं असलं की तळाचं गवत मोजून घ्यावं, तसा. बाकीच्यांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, नुसता गोंधळ. ह्यात काहीच मध्ये येत नाही. मयूला कळवलं, हाच घे.

१६ नोव्हेंबर
पार्सल आलं. केवढीशी डबी. हिरा पेपरवर ठेवला, तर खालची अक्षरं वाचता आली. "बाजारभाव" वाचलं त्याच्यातून. मयूला फोटो पाठवला. मला वाटलं, जमलं आपल्याला.

१८ नोव्हेंबर
वडशाला गेले, करीमभाईंकडे. आमचे दागिने पूर्वीपासून त्यांच्याकडेच. त्यांनी आधी विचारलं, "साहेबांची अंगठी आणली का?"
"खडा पक्का झाला की आणतो म्हटलं."
हिरा चिमट्यात धरून फिरवला. खालच्या कागदाकडे पाहिलं.
"बाई, याच्यातून तं पेपर वाचता येते."
"हाव. म्हणून तं घेतला."
हसू दाबलं त्यांनी. "पाण्याचा तळ दिसला तं पाणी चांगलं. हिऱ्याचा तळ दिसला तं उजेड खालून गळून गेला. त्यानं वरचा उजेड तुमच्या डोळ्यात परत द्याले पायजे. मी जास्त करून गोलच बसवतो, ह्या पायऱ्यावाल्यातलं मले पुरतं समजत नाई. पण हा मधात फिका हाये."
खरं होतं. दारात जाऊन तिरपा केला. कडेला चमक, मध्ये नुसती काच. हलवला तरी मध्ये काही बदलत नव्हतं. आपण लहानपणापासून पाणी पाहत आलो, तेच डोळे घेऊन हिरा पाहायला बसलो.
परत करायला सांगितलं मयूला. बसमध्ये फार थकल्यासारखं झालं. अंगठी नेली नव्हती, ते बरं वाटलं.

२० नोव्हेंबर
पुन्हा वाचन. आता चित्रं पाहून पाहून. मधल्या फिकट जागेला खिडकी म्हणतात. पांढऱ्या कागदावर व्हिडिओ काढला की खिडकी लपते, खालचा पांढरा रंगच चमक म्हणून खपतो. म्हणून हातावर ठेवून, सावलीत, हळूहळू तिरपा करून दाखवा म्हणायचं. चांगला असेल तर पायऱ्या आळीपाळीने उजळतात आणि विझतात. उजळलेली विझते, विझलेली उजळते. टेबल, म्हणजे ते मेज, आणि हिरा किती खोल याचे टक्के कागदावर असतात. त्यावरून अगदी वाईट ते गाळता येतात, चांगला कोणता ते कळत नाही.
दुकानाच्या चॅटवर एक मुलगी आहे. सगळ्याला "जी मॅम". सावलीतले व्हिडिओ पाठवते म्हणाली.

२३ नोव्हेंबर
दोन व्हिडिओ आले. एकात तळाशी सगळ्या पायऱ्या मिळतात ती रेघ एका अंगाला सरकलेली, कोपरेही सारखे नाहीत. मयूलाही पटलं.
दुसरा मयूला आवडला. "आई, हा छान दिसतो."
"काळा हाये. पट्ट्या पाहिल्या का कशा?"
"अगं पण..."
"नाई, नको तो."

२५ नोव्हेंबर
अजून एक. टेबलाच्या बरोबर खाली ठिपका. गोल हिऱ्यात असा ठिपका चमकेत हरवतो, इथे पायऱ्या सताड उघड्या, काही झाकत नाही. मयू म्हणते तिला दिसत नाही. मला दिसतो. दिसतो म्हणजे, व्हिडिओ थांबवून बोटांनी मोठा केला की.
नाही म्हटलं.
जाऊ विचारत होती तारीख धरली का. मुलाकडून फोन आला होता म्हणे.

२७ नोव्हेंबर
मयूशी भांडण.
"आई, खड्यात खोट हाये, का तुले अंगठी द्यायची नाई?"
मी म्हटलं, काहीही बोलू नको.
"मग सांग ना. नको देऊ. मी दुसरं सोनं घेतो. पण खड्यावर नको ढकलू."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"अन् बाबा गेले तवा ती त्यांच्या बोटातून मी काढली होती. साबण लावून. तू बाहेर होती. मले नाई वाटत का काही?"
ड्युटीची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला. भात लावला होता, तो करपला.

२८ नोव्हेंबर
आज डबी उघडली. अंगठी साधीच, माझ्या बाबांनी लग्नात दिलेली. एका बाजूने झिजलेली. चहा हवा असला की हे स्टीलच्या ग्लासावर ती वाजवायचे. हाक मारायचे नाहीत. मी चिडायची, मी काय घंटी वाजवल्यावर येणारी बाई आहे का. आता हे जाऊन दोन वर्षं झाली, ग्लास धुताना एकमेकांवर लागले तरी...
मयूचा तो आवडलेला व्हिडिओ पुन्हा पाहिला. पट्ट्या काळ्या आहेतच. पण हात कलला की तीच काळी पट्टी उजळते आणि बाजूची काळी होते. मध्ये कुठेही पाणी साचल्यासारखं फिकट नाही. तळाची रेघ मधोमध. त्यात खोट नाही. हे सगळं मी वीस तारखेला वाचलं होतं. तेवीस तारखेला मला माहीत होतं.
चॅटवर विचारलं, तो आहे का अजून. "जी मॅम, है."
मयूला एवढंच लिहिलं: काळा नाही तो. मागव. तिने नुसतं वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

३ डिसेंबर
आला. परसात सावलीला तळहातावर धरून पाहिला. पेपरवर ठेवला. मध्ये अक्षर लागत नाही, नुसते उजेडाचे तुकडे. जाऊला दाखवला. तिने हात पदराला पुसून घेतला, मग धरला.
"ब्रॉयलर दिसत तं नाई."
खूप वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, "मयूले शोभेल. भावजी असते तं साऱ्या गावाले दाखवत फिरले असते." मी आत गेले.

५ डिसेंबर
परत करायची मुदत आज संपते. संध्याकाळी मयूचा फोन.
"काय ठरलं?"
"खडा ठेवला. चांगला हाये. तुझीच नजर बरोबर होती."
"अन् अंगठी?"
"जेवली का तू?"
मग म्हणाली, "जेवतो आता. तू पण जेव." रागावली नव्हती. तेच जास्त लागलं.
करीमभाईंना फोन करून उद्या येते म्हटलं. ते म्हणाले, गाळायच्या आधी एकदा विचारीन, मगच विस्तवावर ठेवीन. काय सांगेन माहीत नाही.
उद्या सकाळची बस. हिरा डबीत आहे. अंगठी कशी न्यायची ते ठरत नाही. रुमालात बांधून नेली तर गाठ सोडून समोर ठेवता येईल. माझ्या बोटांत ती सैल होते, अंगठ्यात बसते. तशी घालून गेले तर तिथे मलाच काढावी लागेल.