वाळलेल्या ओढ्याची ओळ

गुरुजी, दिवाळी सरली की आपलं निम्मं गाव ऊसतोडीला जायचं आणि त्यांची पत्रं शाळेच्या पत्त्यावर यायची. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना तुम्ही ती पायरीवर बसून वाचून दाखवायचात आणि आम्हा पोरांना लिंबापलीकडं पिटाळायचात. एकदा तुम्ही तापानं पडलात, तेव्हा मी सातवीत होतो; मीच एका आजीला तिच्या लेकाचं पत्र वाचून दाखवलं. सुनेला दिवस गेलेत, इतक्यात कुणाला बोलू नको, असं त्यात होतं. दिवस मावळायच्या आत ते अख्ख्या आळीला ठाऊक झालं, माझ्याच तोंडून. तुम्ही मारलं नाहीत. खडू खाली ठेवून एवढंच म्हणालात, "वाचणाऱ्यानं वाचलं की विसरावं. ते तुझं नव्हतं." मग कवितेचा तास सुरू झाला आणि तुमच्या त्या संथ चालीत मी बोलणी खाल्लेलीही विसरलो.

आता माझी नात माझ्याकडं राहून पाथर्डीला बारावी करते. मुलगा सुप्याला कारखान्यात आहे. पोर एकटी एसटीनं जाते-येते या काळजीपोटी त्यानं तिच्या मोबाईलमध्ये, तिला न सांगता, एक ॲप घातलं. ती कुठं आहे, कुणाला काय लिहिते, सगळं ते ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकात साठतं आणि आपल्याला आपल्या मोबाईलवर दिसतं. म्हणाला, "आबा, मी पाळीवर असतो. तुमी घरीच असता, दिवसातनं एकदा नजर टाकीत जा." मी नाही म्हणायला हवं होतं. पण दुसऱ्याच दिवशी तिनं मैत्रिणीला पाठवलेली स्वतःची एक कविता त्यात दिसली आणि मी रोजच उघडायला लागलो.

परवा सकाळी चहा गाळताना माझ्या तोंडून नकळत तिचीच ओळ निघाली, तुमच्या चालीत. 'वाळलेल्या ओढ्याला अजून वळणं पाठ आहेत.' वेणी घालता घालता तिचे हात थांबले. "आबा, ही कुणाची?" मी घाबरलो. आमच्या वेळच्या पुस्तकात होती, म्हणालो. तिनं वेणीचं टोक बांधलं. मग म्हणाली, "म्हणजे मला सुचली नव्हती. लहानपणी तुमच्याकडूनच ऐकली असणार." त्या दिवशी तिनं कविता पुसून टाकली. ती माझी नव्हती, आता लिहिणार नाही, असं मैत्रिणीला कळवलं. हेही मला त्या ॲपमधूनच समजलं.

मुलाशी भांडून मी ते काढायला लावलं. तो म्हणतो, "काढलं, पण आधीचं समदं त्यांच्याकडं ऱ्हातंय. आपलं खातं बी हायच." तिथं आणखी कोण कोण बसून वाचत असेल, देव जाणे. ओळ तिचीच आहे हे तिला सांगायचं, तर मी चोरून वाचत होतो हेही सांगावं लागेल, आणि मग ती या घरात माझ्याशी पहिल्यासारखी बोलेल का? कागद भरला, पण तुम्ही तर केव्हाच गेलात, टाकू कुठल्या पेटीत? तिला अजून काही सांगितलेलं नाही, गुरुजी. आज दुपारी ती कॉलेजात असताना खातं उघडून मी ती कविता पुन्हा एकदा वाचली.